नाताळविषयक प्रणयप्रधान लघुकादंबऱ्या : आकृतिबंध आणि वाचकांचे आकर्षण

प्रस्तावना :

लोकप्रिय साहित्याकडे पाहण्याची आपली समीक्षादृष्टी बहुतांशी उपेक्षेची राहिली आहे. त्यातही प्रणयकथा आणि प्रणयकथेतही सणाच्या निमित्ताने लिहिलेली प्रणयकथा हा प्रकार तर विचारातच घेण्यासारखा नाही, असे मानले जाते. इंग्लंड-अमेरिकेत दरवर्षी पानगळ सुरू झाली की नाताळाची पार्श्वभूमी असलेल्या प्रणयप्रधान लघुकादंबऱ्या बाजारात येऊ लागतात. मुखपृष्ठावर बर्फ, दारावर हिरव्या पानांचे कडे, खिडकीत दिवा. आणि आतल्या पानांत एकमेकांपासून दुरावलेली दोन माणसे. ती एकत्र येणार हे वाचकाला पहिले पान उलटण्यापूर्वीच ठाऊक असते. तरीही ही पुस्तके वाचली जातात आणि पुढील वर्षी पुन्हा तसलीच मागितली जातात. शेवट ठाऊक असलेली कथा वाचक, विशेषतः स्त्री वाचक, दरवर्षी नव्याने का वाचते, हा प्रस्तुत लेखाचा मूळ प्रश्न आहे. 'पलायनवाद' असे उत्तर सहज देता येते; परंतु हे पलायन कशापासून आणि कोठे, याचा उलगडा त्या उत्तरातून होत नाही.

उद्दिष्टे :

१. नाताळविषयक प्रणयकथेच्या परंपरेचा थोडक्यात मागोवा घेणे.
२. सण आणि कथानक यांतील संबंध स्पष्ट करणे.
३. या लेखनाच्या आकर्षणामागील कारणांचा स्त्रीश्रमाच्या अंगाने शोध घेणे आणि त्याच्या मर्यादा तपासणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखात निवडक इंग्रजी साहित्यकृतींचे आशयविश्लेषण केले असून त्यास लोकप्रिय साहित्य व कुटुंबसंस्था यांविषयीच्या दोन अभ्यासांचा आधार घेतला आहे. आवश्यक तेथे मराठी वाचनपरंपरेशी तुलना केली आहे.

परंपरा :

नाताळ आणि कथावाचन यांची सांगड पक्की करण्याचे श्रेय चार्ल्स डिकन्स यांच्याकडे जाते. त्यांचे 'अ ख्रिसमस कॅरोल' १९ डिसेंबर १८४३ रोजी प्रसिद्ध झाले आणि पहिल्या आवृत्तीच्या ६००० प्रती नाताळापूर्वीच संपल्या. त्यानंतर १८४८ पर्यंत त्यांनी याच धर्तीची आणखी चार पुस्तके लिहिली. यांपैकी १८४५ मधील 'द क्रिकेट ऑन द हार्थ' हे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. मालवाहू गाडी चालवणारा जॉन आणि त्याची वयाने बरीच लहान पत्नी डॉट यांच्या संसारात संशय शिरतो. दुसरीकडे मृत समजला गेलेला एडवर्ड परततो आणि आपल्या प्रेयसीचा मनाविरुद्धचा विवाह टाळतो. अखेरीस संशय फिटतो, जोडपी एकत्र येतात आणि सारे नाचतात. दुरावा, परतणे, गैरसमज आणि चुलीपाशी घडणारे मीलन, ही पुढील प्रणयकथेची सर्व सामग्री येथे आहे. मात्र ही कथा नाताळात घडत नाही. ती जानेवारी महिन्यात घडते. म्हणजेच येथे सण हा वाचनाचा काळ आहे, कथेचा काळ नाही.

हा फरक अँथनी ट्रोलप यांच्या 'द मिसलटो बाऊ' या १८६१ मधील कथेत पुसला जातो. 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'च्या नाताळ पुरवणीसाठी लिहिलेल्या या कथेची नायिका एलिझाबेथ हिने स्वतःच आपला ठरलेला विवाह मोडला आहे. नाताळात तो तरुण तिच्याच घरी पाहुणा म्हणून येणार आहे. घरात मिसलटोची डहाळी टांगू नये, असा तिचा आग्रह आहे. कारण त्या डहाळीखाली चुंबन घेण्याची प्रथा आहे. सणातील एक साधी वस्तू नायिकेच्या मनातील पेच उघड करते. सण येथे पार्श्वभूमीवरून कथानकात उतरला आहे. विशेष म्हणजे मागणीनुसार नाताळकथा पुरवण्याचा ट्रोलप यांना मनस्वी कंटाळा होता आणि १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी तो लपवलेला नाही. हा साहित्यप्रकार बाजाराच्या मागणीतून घडला, हे सत्य एकोणिसाव्या शतकापासूनचे आहे.

विसाव्या शतकात प्रणयकथा हा स्वतंत्र व्यवसाय झाला. लंडनमध्ये १९०८ साली मिल्स अँड बून आणि कॅनडात १९४९ साली हार्लेक्विन ही प्रकाशने सुरू झाली. १९७१ मध्ये हार्लेक्विनने मिल्स अँड बून विकत घेतले. १९८६ मध्ये 'सिल्हुएट ख्रिसमस स्टोरीज' आणि १९८९ मध्ये 'अ रीजन्सी ख्रिसमस' असे संग्रह निघाले. तीन-चार लेखिकांच्या लघुकादंबऱ्या एका पुस्तकात देण्याची ही पद्धत पुढे रूढ झाली.

सणाची मुदत आणि कथानक :

लघुकादंबरीला विस्तृत कालपट परवडत नाही. दोन माणसांचे मन बदलण्यास जो अवकाश लागतो, तो तिच्या पानांत मावणे कठीण असते. नाताळ ही अडचण तीन प्रकारे सोडवतो. पहिली गोष्ट म्हणजे सणाला ठरलेली तारीख असते. चोवीस डिसेंबरच्या रात्रीपर्यंत काहीतरी ठरलेच पाहिजे, ही मुदत लेखिकेला आयती मिळते. दुसरी गोष्ट म्हणजे सण माणसांना परत आणतो. एरवी जी माणसे एका छपराखाली येण्याचे कारण नाही, ती सणामुळे येतात. तिसरी गोष्ट म्हणजे सणाला स्मृती असते. मागील वर्षी कोण होते आणि यंदा कोण नाही, हा प्रश्न प्रत्येक सण विचारतोच. त्यामुळे पात्रांचा पूर्वेतिहास वेगळा सांगावा लागत नाही.

नोरा रॉबर्ट्स यांची १९८६ च्या उपरोक्त संग्रहातील 'होम फॉर ख्रिसमस' ही लघुकादंबरी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पत्रकार म्हणून जग हिंडलेला जेसन दहा वर्षांनी न्यू हॅम्पशायरमधील आपल्या लहानशा गावी परततो. त्याची पूर्वीची प्रेयसी फेथ आता एका मुलीची आई असून बाहुल्यांचे दुकान चालवते. दहा वर्षांचा दुरावा काही दिवसांत मिटणे एरवी अविश्वसनीय ठरले असते. सणाच्या दिवसांत ते विश्वसनीय वाटते, कारण क्षमा करण्याची आणि जुने विसरण्याची परवानगी सणानेच दिलेली असते. येथे योगायोगाचे ओझे लेखिकेला एकटीने वाहावे लागत नाही. दिनदर्शिका ते वाटून घेते.

सणामागील श्रम :

परंतु आकृतिबंधाची सोय हे लेखिकेच्या बाजूचे कारण झाले. वाचकाच्या बाजूचे कारण वेगळे आहे. मानववंशशास्त्रज्ञ मिकाएला दि लिओनार्दो यांनी १९८७ मधील एका निबंधात अमेरिकेतील इटालियन वंशाच्या कुटुंबांच्या आधारे एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. शुभेच्छापत्रे पाठवणे, नातेवाइकांना फोन करणे, भेटवस्तू लक्षात ठेवणे, सणाची पंगत जमवणे ही कामे वेळ, श्रम आणि कौशल्य मागणारी असूनही 'काम' म्हणून गणली जात नाहीत आणि ती जवळजवळ पूर्णतः स्त्रियाच करतात. नाती टिकतात ती या कामामुळे. सण म्हणजे या कामाचा कळस होय.

नाताळविषयक प्रणयकथांत ही कामे पानोपानी दिसतात. केक भाजणे, झाड सजवणे, पाहुण्यांच्या खोल्या लावणे, रुसलेल्या वडिलांना मनवणे, यांचे तपशील लेखिका आवडीने देतात. टीकाकार यास पाल्हाळ म्हणतात. प्रस्तुत लेखकाच्या मते हाच या लेखनाचा गाभा आहे. कारण या कथेतील नायक सर्वप्रथम एक गोष्ट करतो : तो हे काम पाहतो. नायिका दमली आहे, हे त्याच्या ध्यानात येते. तो लाकडे फोडतो, दिव्यांची माळ चढवतो, मुलीला खेळवतो. वाचकाला ज्या घरात ते पुस्तक वाचायचे आहे, त्या घरात बहुधा हेच घडत नसते.

जॅनिस रॅडवे यांच्या १९८४ मधील 'रीडिंग द रोमान्स' या ग्रंथाचा निष्कर्ष येथे उपयुक्त ठरतो. अमेरिकेतील एका गावातील प्रणयकथावाचक स्त्रियांशी बोलून त्यांनी दाखवले की, या स्त्रियांना कथेइतकेच वाचनाच्या कृतीचे मोल वाटते. पुस्तक हातात असेपर्यंत त्या कोणाच्या पत्नी वा आई म्हणून उपलब्ध नसतात. लघुकादंबरीचा आटोपशीर आकार यामुळे अर्थपूर्ण होतो. डिसेंबरात ज्या स्त्रीला मोठी कादंबरी वाचण्याइतकी उसंत नाही, तिच्या उसंतीच्या मापानेच हे पुस्तक बेतलेले असते. इतरांसाठी सण उभा करणारी स्त्री त्या सणातील एक संध्याकाळ स्वतःसाठी राखून ठेवते. तेव्हा हे पलायन सणापासूनचे नसून, सणाच्या ओझ्यापासून सणाच्या आनंदाकडे होणारे आहे.

मराठी वाचकाच्या दृष्टीने :

सण आणि वाचन यांचे नाते मराठी वाचकाला नवे नाही. का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकाने १९०९ साली काढलेल्या दिवाळी अंकापासून आपल्याकडेही सणाला साहित्याची जोड मिळाली. मात्र दिवाळी अंकातील कथा दिवाळीविषयी असावी, असा संकेत आपल्याकडे रुजला नाही. डिकन्स यांच्या जानेवारीत घडणाऱ्या कथेप्रमाणे आपल्याकडे सण वाचनाचा काळच राहिला.

दुसरा फरक अधिक खोल आहे. मराठी स्त्रीच्या भावविश्वात सण म्हणजे माहेरी जाणे. जात्यावरील ओव्यांपासून भाऊबिजेच्या ओढीपर्यंत सारे काही सासर आणि माहेर यांतील अंतरावर उभे आहे. नाताळविषयक प्रणयकथेत हे अंतरच नाहीसे होते. नायिका मोठ्या शहरातून आपल्या लहान गावी सणासाठी येते आणि तेथेच तिला जोडीदार भेटतो, अशी मांडणी या कथांत वारंवार आढळते. म्हणजे तिचे माहेर तिला सोडावे लागत नाही. रॉबर्ट्स यांच्या फेथलाही गाव सोडून जावे लागत नाही. परततो तो पुरुष. रेल्वे स्थानकावरील वा पदपथावरील जुन्या पुस्तकांतून हे लेखन आपल्याकडे वाचणाऱ्या मुलींना बर्फाचे वा मिसलटोचे कौतुक असेलही. परंतु माहेर न सोडता मिळणारे सहजीवन हे त्यांना भावणारे अधिक मोठे स्वप्न असावे, असे वाटते.

मर्यादा :

या लेखनाचे समर्थन करताना त्याच्या मर्यादा दृष्टिआड करता येत नाहीत. ओ. हेन्री यांची १९०५ मधील 'द गिफ्ट ऑफ द मेजाय' ही लघुकथा या परंपरेची सर्वपरिचित खूण आहे. डेला आपले केस विकून पतीच्या घड्याळासाठी साखळी आणते. जिमने घड्याळ विकून तिच्यासाठी केसांत माळायच्या फण्या आणलेल्या असतात. त्याग दोघांचाही समान आहे. परंतु हे उमगल्यानंतर जिम तिला जेवणाचे मांस चुलीवर चढवायला सुचवतो. वर्गात ही कथा शिकवताना लक्ष केसांकडे आणि घड्याळाकडे जाते, या अखेरच्या सूचनेकडे जात नाही. प्रस्तुत लेखकाचेही अनेक वर्षे गेले नव्हते. प्रेम समान झाले तरी चूल कोणाची, हा प्रश्न कथा विचारत नाही.

पुढील प्रणयकथांतही नायक काम पाहतो, काही दिवस हातभारही लावतो. परंतु कथा चोवीस वा पंचवीस डिसेंबरला संपते. जानेवारीत ते काम कोण करणार, हे सांगितले जात नाही. श्रमाची भरपाई प्रेमाने होते, वाटणीने होत नाही. रॅडवे यांनीही हाच धोका सुचवला होता : वाचनातून व्यक्त होणारी नाराजी वाचनातच शमून जाऊ शकते.

तथापि सर्वच लेखन एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. मेरी बॅलॉग यांच्या १९९२ मधील 'अ ख्रिसमस प्रॉमिस' या आटोपशीर कादंबरीत कर्जबाजारी उमराव आणि धनाढ्य कोळसा व्यापाऱ्याची कन्या यांचा सोयीचा विवाह होतो. नाताळात तिचे व्यापारी नातेवाईक उमरावाच्या वाड्यावर येतात, तेव्हा वर्गभेदाचा प्रश्न पंगतीलाच येऊन बसतो. जीन मेल्टझर यांच्या २०२१ मधील 'द मॅट्झा बॉल' या कादंबरीची नायिका ज्यू धर्मगुरूची मुलगी असून ती गुपचूप नाताळविषयक प्रणयकथा लिहिते. हा सण ज्यांचा नाही, त्यांनाही त्याची ओढ का वाटते, याचा विचार येथे प्रकाराच्या आतूनच झाला आहे.

निष्कर्ष :

१. नाताळविषयक प्रणयकथेत सण ही केवळ सजावट नसून मुदत, पुनर्भेट आणि स्मृती पुरवणारी कथानकाची यंत्रणा आहे.
२. या लेखनाचे आकर्षण शेवट काय होतो यात नसून, स्त्रीचे अदृश्य श्रम कोणीतरी पाहिले, या समाधानात आहे.
३. लघुकादंबरीचा आकार वाचक स्त्रीच्या उपलब्ध वेळेशी निगडित आहे.
४. हे लेखन श्रमांना मान्यता देते, परंतु त्यांची फेरवाटणी सुचवत नाही. त्याची ताकद आणि मर्यादा एकाच ठिकाणी आहेत.

आपल्या विद्यार्थिनी अशी पुस्तके वाचतात, तेव्हा त्यांच्या अभिरुचीविषयी खंत करण्याऐवजी त्या त्यांत काय शोधत आहेत, हे विचारणे अध्यापकांसाठी अधिक उपयोगाचे आहे. सणाच्या दिवशी घरातील सर्वांची पाने वाढून झाल्यावर शेवटी जेवायला बसणारी स्त्री जी कथा वाचते, ती सामान्य असू शकेल. पण तिची गरज सामान्य नाही.