भंगलेल्या मूर्तींचा वारसा

प्रबोधनकाळ म्हणजे ग्रीक कलेचा पुनर्जन्म, असे सर्रास म्हटले जाते. परंतु पंधराव्या-सोळाव्या शतकांतील इटालियन कलावंतांपुढे ग्रीक शिल्पकला कोणत्या रूपात उभी होती, हे पाहिल्यावाचून त्या विधानाचा अर्थ लागत नाही. ग्रीकांच्या ब्राँझमूर्ती बहुतांशी वितळवल्या गेल्या होत्या, १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल आणि त्यानंतर काही वर्षांतच अथेन्स ऑटोमन तुर्कांच्या ताब्यात गेले होते, आणि पार्थेनॉनची शिल्पे प्रत्यक्ष पाहिलेला इटालियन कलावंत विरळाच होता. त्यांच्या हाती आल्या त्या मुख्यतः रोमन कारागिरांनी संगमरवरात घडवलेल्या प्रतिकृती आणि कोरीव दगडी शवपेट्या. त्याही बहुधा हातपाय तुटलेल्या, रंग उडालेल्या. या अपुरेपणामुळेच प्रबोधनकाळातील शिल्पकाराला नुसती नक्कल करून भागले नाही, त्याला विचार करावा लागला.

ग्रीकांकडून आलेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे उभे राहण्याची रीत. शरीराचा भार एका पायावर घेतला की त्या बाजूचे कंबरेचे हाड वर उचलले जाते, खांदा उलट दिशेला कलतो आणि पाठीच्या कण्याला हलका बाक येतो. या तोलाला इटालियन भाषेत ‘कॉन्ट्रापोस्तो’ म्हणतात. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात पॉलिक्लीटसने आपल्या ‘भालाधारी’ मूर्तीत तो नियमबद्ध केला होता. दोनातेल्लोच्या ब्राँझच्या डेव्हिडमध्ये हा तोल आहे, पण देह ग्रीक मल्लाचा नाही. तो कोवळ्या मुलाचा आहे, डोक्यावर टोपी व पायांत बूट घातलेला, गोलिआथच्या छिन्न मस्तकावर पाय ठेवून स्वतःतच हरवलेला. मायकेलअँजेलोने १५०१ ते १५०४ या काळात घडवलेला पाच मीटरहून उंच डेव्हिडही त्याच रीतीने उभा आहे. मात्र त्याच्या कपाळावरच्या आठ्या आणि प्रमाणाबाहेर मोठा हात पाहिला, की अभिजात ग्रीक मूर्तीची निश्चिंत शांती मागे पडून तिथे निर्णयाच्या क्षणाचा ताण आल्याचे जाणवते.

जानेवारी १५०६ मध्ये रोमच्या एस्क्विलिन टेकडीवरील द्राक्षमळ्यात ट्रॉयचा पुरोहित लाओकून आणि त्याच्या दोन मुलांना सापांनी विळखा घातल्याचा शिल्पसमूह सापडला. पोप दुसरे ज्युलियस यांनी पाहणीसाठी पाठवलेल्या वास्तुकार जुलियानो दा सांगाल्लो यांच्यासोबत मायकेलअँजेलोही होता. रोमन ग्रंथकार प्लिनीने वर्णिलेले, ऱ्होड्स बेटावरच्या तिघा शिल्पकारांचे काम ते हेच, हे तत्काळ ओळखले गेले. पण प्लिनीने ते एकाच पाषाणातले म्हटले असताना, मायकेलअँजेलो आणि त्याचा एक समव्यवसायी यांनी दगडातले सांधे शोधून दाखवले. ग्रंथावर श्रद्धा आणि डोळ्यांवर त्याहून अधिक विश्वास, हा त्या काळाचा स्वभाव इथे स्पष्ट दिसतो. पिळवटलेले धड, फुगलेल्या शिरा, वेदनेने मागे झुकलेली मान यांचे पडसाद मायकेलअँजेलोच्या लूव्हर संग्रहालयातील दोन ‘गुलामां’त उमटले आहेत.

लाओकूनचा उजवा हात मिळाला नव्हता. १५३०च्या दशकात शिल्पकार मोन्तोर्सोलीने तो वर ताणलेला असा घडवला, आणि पिढ्यान्‌पिढ्या लाओकून झुंज देणाऱ्या वीरासारखा दिसत राहिला. १९०६ मध्ये पुरातत्त्वज्ञ लुडविग पोलॅक यांना रोममध्ये जो प्राचीन हात आढळला, तो डोक्यामागे दुमडलेला होता; पुढे तो मूर्तीला जोडल्यावर आवेशाच्या जागी असहाय वेदना प्रकट झाली. मोन्तोर्सोलीच्या हातात त्याचे स्वतःचे शतक अधिक होते.

याउलट, अथेन्सच्या अपोलोनिअसची सही असलेले बेल्व्हेडेरचे धड कोणी पूर्ण केलेच नाही. बिनहातांच्या, बिनमस्तकाच्या त्या बसलेल्या देहाचा पीळ मायकेलअँजेलोने सिस्टिन चॅपेलच्या छतावरील नग्न युवकांमध्ये चितारला आणि प्रत्येकाला नवा चेहरा, नवी हालचाल दिली. रंग झिजल्यामुळे शुभ्र संगमरवर हेच प्राचीन सौंदर्य, असा गैरसमज युरोपात रुजला, हे खरे. ग्रीकांनी आपल्या मूर्ती रंगवल्या होत्या. तथापि त्या चुकीतूनही दगडाच्या पृष्ठभागावरील छायाप्रकाशाकडे इतक्या एकाग्रतेने पाहणारी दृष्टी घडली. वारसा अखंड मिळाला असता तर तो जपला गेला असता. तो तुकड्यांत मिळाला, म्हणूनच प्रत्येक तुकड्यापाशी शिल्पकाराला स्वतःचे उत्तर द्यावे लागले.