त्याचे पुस्तक
एस. आर. रंगनाथन हे मद्रास ख्रिश्चन कॉलेजचे विद्यार्थी. ते कॉलेज पुढे १९३७मध्ये तांबरमला आले. रंगनाथनांचा ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांवरील ग्रंथ १९३१चा. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, हे दुसरे सूत्र निवारागृहातल्या मुलांच्या बाबतीत आपण उलटे वाचतो, असे मला वाटते. आपल्या घरात नको झालेले पुस्तक आपण त्यांचे मानतो. स्थलांतरित मजुराच्या मुलाला इंग्रजी सामान्यज्ञानाचा जुना गठ्ठा देणे हे दान असेल, ग्रंथालय नव्हे. चेन्नईचेच तूलिका प्रकाशन तमिळ-मराठीसह नऊ भाषांत चित्रपुस्तके काढते. तेव्हा पर्याय नाहीत असे नाही. त्यांतले आपले कोणते, हे मात्र मुलानेच ठरवायचे. रंगनाथनांचा आग्रह खुल्या कपाटांसाठी होता. शाळेतल्या कुलूपबंद कपाटासमोर उभे राहून तो ग्रंथ वाचावा; जुना वाटत नाही.