पहारेकऱ्याच्या नजरेतलं प्रेम

निजामाच्या राज्यात 1329 फसली साली, म्हणजे 1919च्या सुमारास, हिजड्यांविरुद्ध एक कायदा आला. त्यांची नोंदवही ठेवायची. मुलं पळवल्याचा, खच्चीकरणाचा किंवा 'अनैसर्गिक गुन्ह्या'चा संशय असला तरी नाव वहीत चढवायचं. नोंद झालेली व्यक्ती बायकांच्या कपड्यांत रस्त्यावर दिसली, चारचौघांत नाचली-गायली, तर वॉरंटाशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. पुढे संस्थान गेलं, आंध्र प्रदेश झाला, तेलंगणा झालं, 2016 साली आदिलाबादमधून निर्मल जिल्हा वेगळा निघाला. कायदा मात्र होता तिथेच होता. तेलंगणा उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला 2023च्या जुलैमध्ये. प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना भारतीय दंड संहितेच्या 377 कलमातून सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी सोडवलं, त्यालाही तोवर जवळजवळ पाच वर्षं होत आली होती.

निर्मल, मुधोळ, भैंसा आणि पलीकडचं नांदेड एकेकाळी एकाच अमलाखाली होतं. सीमेच्या दोन्ही बाजूंना मराठी बोलली जाते. त्यामुळे प्रश्न मराठीलाही लागू आहे: प्रेमापायी किंवा नुसत्या पेहरावापायी ज्यांना आत टाकता येत होतं, त्यांचं आतलं आयुष्य आपल्या नाटक-कादंबरी-सिनेमात कुठे आहे?

तुरुंग मराठीला परका नाही. विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली आणि ती साने गुरुजींनी उतरून घेतली. एक बोलतो आहे, दुसरा जिवाचा कान करून लिहितो आहे. कैदेतल्या मैत्रीने मराठीला दिलेलं याहून मोठं देणं मला आठवत नाही. 'श्यामची आई' पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. अनिल बर्वे यांच्या 'थँक यू मिस्टर ग्लाड'मध्ये नक्षलवादी कैदी आणि करडा तुरुंगाधिकारी यांच्यात वैरातून आदर उगवतो. पण ही सगळी मैत्री ध्येयाच्या आधाराने उभी आहे. आपल्या तुरुंगसाहित्याला राजकीय कैदी भावला. निर्मललाही बंडखोर रामजी गोंड आणि त्याच्या साथीदारांना फाशी दिलेला वड आठवतो, आणि तो आठवायलाच हवा. मात्र कैद्याला शरीर असतं, रात्री त्याला कुणाचा तरी हात हातात हवासा वाटतो, हे आपल्या कलेने फार क्वचित मान्य केलं आहे.

ते मान्य करणारी ठळक कलाकृती म्हणजे 'उंबरठा'. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि जब्बार पटेल यांनी 1982 साली चित्रपट केला. महिला सुधारगृहातल्या दोघींचं नातं त्यात उघड दाखवलं आहे. त्या काळी हे धाडस होतं. इतर बायका चवताळतात, व्यवस्थापन हादरतं. स्मिता पाटीलची सुलभा त्या दोघींना गुन्हेगार मानत नाही. तिच्या लेखी त्या आजारी आहेत, त्यांना उपचार हवेत. सुलभाच्या डोळ्यांत करुणा आहे, आणि तरीही तिची जागा अधीक्षिकेच्या खुर्चीतच आहे. कॅमेरा त्या खुर्चीच्या बाजूने पाहतो. त्या दोघींना एकमेकींत काय सापडलं, भिंतीआडच्या त्या घरात एकमेकींमुळे काय सुसह्य झालं, हे चित्रपट त्यांना विचारत नाही. सुलभा शेवटी नोकरी सोडते, घरही सोडते आणि आपली वाट धरते. तिच्या मुक्तीची कथा म्हणून 'उंबरठा' मोठाच आहे. पण तिला जे माणूसपण मिळालं, ते त्या दोघींच्या वाट्याला आलं नाही.

त्याच तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' 1981 साली रंगमंचावर आलं. रोहिणी हट्टंगडींनी मित्रा उभी केली. मित्रा आणि तिचं जिच्यावर प्रेम आहे त्या नमाला भेटायला जागा नाही, म्हणून बापू आपली खोली देतो. मराठी रंगभूमीवरच्या मैत्रीतली ही एक अत्यंत खरी कृती आहे: स्वतःला न कळणाऱ्या प्रेमासाठी बापूने स्वतःच्या खोलीची किल्ली देणं. मित्राला तुरुंगात टाकायला पोलीस लागत नाहीत; कॉलेज, तिची पत्रं हाती लागलेला दळवी नावाचा तरुण आणि कुजबुज पुरते. पण इथेही गोष्ट सांगतो बापू. आणि मित्रा मरते.

पुढची पिढी ही निवेदनाची सूत्रं हिसकावून घेते. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'मध्ये (2006) तनय आपलं प्रेम स्वतः बोलतो, कुणाची परवानगी न मागता. बिंदुमाधव खिरे यांनी 'पार्टनर'पासून सातत्याने लिहिलं. चेतन दातारांच्या 'एक माधवबाग'मध्ये बोलणं पुन्हा दुसऱ्याकडे, म्हणजे आईकडे गेलं, पण ती आई ऐकायला शिकते. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला 2025 साली सनडान्समध्ये जागतिक चित्रपटांचं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळालं. वडिलांच्या सुतकाचे दहा दिवस, पायात चप्पल नाही, डोक्यावर नातेवाइकांचे लग्नाचे प्रश्न. आणि या बंधनांत आनंदसाठी त्याचा बालमित्र बाळ्या निवडुंगाची फळं घेऊन येतो. इथे प्रेमापायी कुणी मरत नाही, कुणाला डॉक्टरकडे नेत नाहीत. 'उंबरठा'पासून आपण केवढे पुढे आलो, ते त्या फळांत दिसतं.

पण हे सगळं घराच्या बंदिवासातलं. खऱ्या कोठडीचं काय? ज्याँ जेनेने 1950 सालीच तुरुंगाच्या भिंतीला छिद्र पाडून दोन कैद्यांमधला ओढा पडद्यावर आणला. मान्युएल पुइग यांच्या 1976च्या कादंबरीत ब्युनोस आयर्सच्या कोठडीत समलिंगी मोलिना आणि क्रांतिकारक व्हॅलेन्टिन एकत्र आहेत. मोलिना सिनेमांच्या गोष्टी सांगतो आणि त्या गोष्टींतून दोघं जवळ येतात. धुळ्याची मैत्री आणि सुधारगृहातलं प्रेम, दोन्ही त्या एका कोठडीत मावतात. मराठीत ही दोन दालनं शेजारी असूनही मधलं दार बंद आहे.

विषय नाही असं म्हणायची सोय नाही. 1994 साली तिहारमध्ये कैद्यांना निरोध द्यायला अधिकाऱ्यांनी नकार दिला, त्यातून एड्स भेदभाव विरोधी आंदोलनाने 377 कलमाला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. या कलमाविरुद्धची न्यायालयीन लढाई तुरुंगाच्या दारात सुरू झाली आहे. त्या नकारामागे केवढं नाटक दडलं आहे! निरोध दिले तर आत संबंध आहेत हे कबूल होतं; नाही दिले तर माणसं आजारी पडतात.

1 जुलै 2024पासून दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत 377 उरलेलं नाही. त्याच महिन्यात केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्यांना कळवलं की समलिंगी आणि पारलिंगी कैद्यांशी भेटीगाठींच्या बाबतीत भेदभाव होता कामा नये. म्हणजे कागदावर तरी जाळीपलीकडे जोडीदार येऊन उभा राहू शकतो. नाटककारांनो, त्या मुलाकातीपासून सुरुवात करा. जाळीच्या दोन्ही बाजूंच्या दोघांनाच बोलू द्या, आणि पहारेकऱ्याला या वेळी एकही वाक्य देऊ नका.