तारेच्या बाहुल्या आणि त्यांचे नेपथ्य

लहान केलेल्या वस्तूपुढे उभे राहिले की आपली रसिकता बहुधा एका कौतुकाच्या उद्गारावर येऊन थांबते. तांदळाच्या दाण्यावर कोरलेली अक्षरे, बोटाएवढी सतार, चिमुकले जाते. आपण 'वा!' म्हणतो आणि पुढे जातो. त्या उद्गारात सौंदर्याचा भाग किती आणि कारागिराच्या डोळ्यांविषयी वाटलेल्या काळजीचा भाग किती, हे कोणी तपासून पाहत नाही. लघुरूपाला स्वतःचा असा काही आशय असू शकतो, की ते केवळ हस्तकौशल्याचा विक्रम असते, हा प्रश्न त्यामुळे तसाच राहून जातो. तो येथे उपस्थित करण्यासाठी मी जे उदाहरण घेणार आहे ते परदेशी आहे, बाहुल्यांचे आहे आणि त्यातही उंची पोशाख घालून उभ्या केलेल्या बाहुल्यांचे आहे. गंभीर वाचकाने नाक मुरडावे अशी सगळी सामग्री त्यात जमलेली आहे, आणि म्हणूनच ते निवडले आहे.

फॅशनची बाहुली ही युरोपात जुनी गोष्ट. सतराव्या-अठराव्या शतकांत पॅरिसमधील नव्या पोशाखांचे नमुने परदेशी दरबारांत पोचवण्यासाठी कपडे घातलेल्या बाहुल्या पाठवीत. त्यांना 'पांडोरा' म्हणत. ही बाहुली निरोप्याचे काम करी. पेटीतून बाहेर यायचे, उलटसुलट करून दाखवून घ्यायचे, आणि आपल्या अंगावरचा नमुना शिंप्यांच्या स्वाधीन करायचा, एवढेच तिचे कर्तव्य. तिच्याभोवती खोली, रस्ता, झाड असे काही उभारण्याची गरज कोणाला भासली नाही. कारण तिच्याकडून माहिती हवी होती, अनुभव नको होता.

१९४५ च्या मार्च महिन्यात पॅरिसला लूव्हर राजवाड्याच्या पाव्हियों द मार्साँ या भागात जे प्रदर्शन उघडले, त्यात मात्र अनुभव देण्याचा प्रयत्न होता. त्याचे नाव 'तेआत्र द ला मोद', म्हणजे फॅशनचे रंगमंदिर. शहर मुक्त होऊन सात महिने झाले होते, युद्ध संपलेले नव्हते. कोळसा नाही, वीज वेळेवर नाही, अन्न मोजून मिळते आहे, कापड तर मिळतच नाही. 'आँत्रेद फ्राँसेज' या मदतसंस्थेसाठी पैसा उभा करायचा आणि त्याबरोबरच पॅरिसचा शिवणधंदा अजून जिवंत आहे हे जगाला दाखवायचे, असा दुहेरी हेतू. नीना रिची या कपडेघराच्या रोबेर रिची याने कल्पना काढली: पोशाख करायचे ते बाहुल्यांचे करू. दोनशेहून अधिक बाहुल्या तयार झाल्या. उंची सुमारे ७० सेंटीमीटर, म्हणजे सव्वादोन फुटांच्या आसपास. शहरातील बहुतेक मोठ्या कपडेघरांनी त्यांना सजवले. आणि क्रिस्तियाँ बेरार या चित्रकाराच्या देखरेखीखाली निरनिराळ्या कलावंतांनी त्यांच्यासाठी चिमुकली दृश्ये उभारली.

या बाहुल्यांचे अंग तारेचे आहे, आणि सगळी चर्चा येथून सुरू झाली पाहिजे. एलियान बोनाबेल या तरुण चित्रकर्तीने आकृती रेखाटली. ज्याँ सँ-मार्तँ याने ती तारेत उतरवली. जोआन रेबुल या शिल्पकाराने डोकी प्लास्टरची केली आणि त्या चेहऱ्यांना रंग लावू नये असा आग्रह धरला. परिणाम असा, की बाहीच्या टोकाशी जिथे मनगट दिसायचे तिथे तारेची एक रेषा दिसते, तिच्यातून मागचा अवकाश दिसतो, आणि त्या रेषेच्या शेवटी मात्र खराखुरा शिवलेला हातमोजा असतो. मेणाची किंवा चिनी मातीची बाहुली स्त्रीची नक्कल करते आणि त्या नकलेतच अडकते. ही बाहुली नक्कल करीतच नाही. ती हवेत काढलेले रेखाचित्र आहे. पोशाख पुरता भरलेला, आणि आत कोणी नाही!

तार निवडली गेली ती टंचाईमुळे, अर्थासाठी नव्हे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो खरा आहे आणि गैरलागूही आहे. साधन हाती का आले याचे उत्तर इतिहासाने द्यावे. ते आल्यावर त्यातून काय घडले एवढेच समीक्षकाने पाहायचे असते. आणि त्या हिवाळ्यात, त्या शहरात, अंग नसलेल्या पोशाखांची रांग पाहताना केवळ पोशाखच दिसले असतील असे मला वाटत नाही.

आता कापडाकडे वळू. लघुरूपाची सगळ्यात अवघड परीक्षा कापडच घेते. आकृती लहान करता येते, सूत लहान होत नाही. घागऱ्याची लांबी निम्म्याहून कमी झाली की त्याला खाली ओढणारे वजन फारच घटते, पण कापडाचा ताठरपणा होता तेवढाच राहतो. म्हणून मोठ्या अंगावर जी चूण पाण्यासारखी उतरते तीच बाहुलीच्या अंगावर पुठ्ठ्यासारखी उभी राहते. पट्टे आणि बुट्टे तर लहान प्रमाणात मुद्दाम नव्याने करवून घ्यावे लागतात. या बाहुल्यांच्या पोशाखांत काजे खरी आहेत, बटणे त्यांतून जातात, अस्तर नीट लावलेले आहे, जोड्यांना चामड्याचे तळ आहेत. इतकेच काय, काही बाहुल्यांच्या हातांतल्या पिशव्यांमध्ये पावडरीच्या डब्या वगैरे सामानही भरलेले होते, आणि वरच्या कपड्यांखाली आतले कपडेही होते. प्रेक्षकाला यातले काही दिसणार नव्हते.

या न दिसणाऱ्या कामाचे काय करायचे? सौंदर्यशास्त्र त्याला थारा देणार नाही; जे प्रतीतीला येत नाही ते कलाकृतीत नाही, असे ते म्हणेल. पण कापडाचा धर्म आठवला तर उत्तर थोडे वेगळे येते. अस्तर दिसत नाही, परंतु अस्तरामुळे वरचे कापड जसे उभे राहते ते दिसते. पिशवीतल्या डबीविषयी मात्र असे म्हणता येत नाही. ती डबी ज्यांनी केली त्यांनी स्वतःसाठी केली. बोटे गारठवणाऱ्या खोलीत बसून मोठे काम करायला कापड नाही म्हणून बारीक काम करणाऱ्या माणसांचा तो हट्ट होता. मला तो कलेचा भाग वाटत नाही, तरी त्याच्याविषयी लिहिल्याशिवाय पुढेही जाववत नाही.

प्रमाणाविषयी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. आपल्याकडे दिवाळीत मुले मातीचा किल्ला करतात. त्यात बुरुजापेक्षा मावळा मोठा, मावळ्यापेक्षा महाराज मोठे, आणि शेजारच्या तळ्यात आरशाच्या तुकड्यावर बसलेले बदक महाराजांएवढे. कोणालाच काही खटकत नाही; कारण तिथे आकार मानाप्रमाणे ठरतो. पॅरिसच्या शिवणघरांनी उलट टोक गाठले होते: सगळे एका मापात. पण त्या काटेकोर पोशाखांना ज्या दृश्यांत उभे करायचे होते ती दृश्ये रंगभूमीच्या माणसांनी केली होती, आणि रंगभूमीचा माणूस प्रमाणाशी नेहमीच थोडी बेइमानी करतो. या प्रदर्शनातील सगळा ताण मला या दोन वृत्तींमध्ये दिसतो.

सगळी दृश्ये सारख्या तोलाची नाहीत. तुशाग याचा व्हांदोम चौक किंवा दिन्यिमाँ याचे पॅले-रॉयाल ही देखणी कामे आहेत, पण ती पडदे आहेत. बाहुली त्यांच्यापुढे उभी राहते, त्यांच्यात राहत नाही. फोटोग्राफरच्या दुकानात रंगवलेल्या ताजमहालापुढे उभ्या राहिलेल्या कुटुंबासारखा हा संबंध आहे. बेरारचे स्वतःचे 'रंगमंदिर' याच्या पुष्कळ पुढे जाते. त्यात रंगमंच आहे आणि भोवती सज्जे आहेत; संध्याकाळच्या पोशाखांतील बाहुल्या दोन्हीकडे आहेत. कोण पाहते आहे आणि कोण पाहिले जात आहे याचा निवाडा होत नाही, आणि बाहेर उभा असलेला आपण त्या सज्ज्यांची आणखी एक रांग होतो. सँ-मार्तँने आपल्या दृश्यात पॅरिसच्या वास्तू तारेच्याच रेषांनी काढल्या. शहर आणि स्त्री एकाच द्रव्याची झाली. घाटाची एवढी एकात्मता दुसऱ्या कुठल्याही दृश्यात नाही.

तरीही यातले श्रेष्ठ काम ज्याँ कॉक्तोचे. त्याने रने क्लेर याच्या १९४२ च्या चित्रपटाला अभिवादन म्हणून 'माझी बायको चेटकीण आहे' असे नाव आपल्या दृश्याला दिले. माळ्यावरची जळकी, पडकी खोली, छताला भगदाड, त्यातून दिसणारी पॅरिसची छपरे, उंची पोशाखांतील बाहुल्या त्या पडझडीत उभ्या, आणि वर झाडूवर बसून उडणारी वधू. या चिमुकल्या पॅरिसमध्ये युद्ध झालेले आहे. बाकीच्या चौकांत, बागांत, सज्ज्यांत ते झालेलेच नाही. कॉक्तोने शिवणकामाच्या काटेकोरपणाला भग्न घर दिले, आणि त्याबरोबर त्या पोशाखांचा अर्थ बदलला. व्हांदोम चौकात जो झगा केवळ महाग दिसतो, तो या खोलीत उद्दाम दिसतो, हास्यास्पद दिसतो, आणि दुसऱ्या क्षणी शूर दिसतो.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण या प्रदर्शनावर एक नैतिक आरोप आहे आणि तो सहज झटकून टाकता येणार नाही. जर्मनांनी हा धंदा बर्लिन आणि व्हिएन्नाला हलवायचे ठरवले होते; धंद्याच्या संघटनेचा अध्यक्ष ल्युसियाँ ललाँ याने वाटाघाटी करून तो पॅरिसमध्ये राखला आणि हजारो कामगारांची पोटे सांभाळली, हे खरे. पण धंदा राखला म्हणजे चालवला, आणि चालवला म्हणजे त्या वर्षांत ज्यांच्याकडे पैसा होता त्यांना विकला, हेही तितकेच खरे. मुक्तीनंतर काही महिन्यांनी याच घरांनी गरिबांसाठी बाहुल्या सजवाव्यात, याला प्रायश्चित्त म्हणावे की जाहिरात? गोड चौकांच्या दृश्यांना या प्रश्नाचा पत्ताच नाही. कॉक्तोच्या खोलीला आहे, निदान खोलीच्या छताला तरी आहे.

हे सर्व मी छायाचित्रांवरून लिहितो आहे, याची कबुली येथे द्यावी. छायाचित्र लघुरूपाचा घात करते. त्यात बाहुली आणि बाई एकाच उंचीची होतात. हातमोजा आणि बाही यांच्यामधली ती तार नसती तर कित्येक चित्रांत आपण फसलो असतो.

पुढची हकीकत थोडक्यात सांगता येते. पॅरिसमध्ये लाखभर लोकांनी प्रदर्शन पाहिले. ते युरोपात फिरले. १९४६ साली नवे पोशाख चढवून न्यूयॉर्कला आणि तेथून सॅन फ्रान्सिस्कोला गेले. दागिने पॅरिसला परत आले. बाहुल्या सॅन फ्रान्सिस्कोतील 'सिटी ऑफ पॅरिस' या दुकानाच्या तळघरात राहिल्या, आणि दृश्ये नाहीशी झाली. १९५२ मध्ये बाहुल्या वॉशिंग्टन राज्यातील मेरीहिल येथील कलासंग्रहालयात पोचल्या, कोलंबिया नदीच्या वरच्या उजाड कड्यावर. तेथे त्या वर्षानुवर्षे नेपथ्याविना उभ्या होत्या. पोशाख जसेच्या तसे, काज-बटणांसह. आणि तरी त्या पुन्हा पांडोरा झाल्या होत्या. एखाद्या वर्षी कमरेची चूण कशी घालीत हे त्यांच्याकडून कळे, एवढेच. वधू झाडूवर का बसली होती, हे विचारायचे तर वर छत हवे होते.

१९८८ साली त्यांना दुरुस्तीसाठी पॅरिसला नेले, आणि १९९० च्या प्रदर्शनासाठी आन सुर्जेर यांनी मूळ नेपथ्यांपैकी काहींची पुनर्रचना केली. आज मेरीहिलला ती दृश्ये आलटून पालटून, एका वेळी तीन अशी मांडतात. कॉक्तोची खोलीही पुन्हा उभी राहिली आहे. पहिल्या वेळी ते भगदाड बहुधा हाताला येईल तसे फोडले गेले असेल. दुसऱ्या वेळी मात्र जुने छायाचित्र समोर ठेवून त्याची प्रत्येक तुटकी कड मोजून कापावी लागली असणार, आणि जळल्याचा डाग जिथे होता तिथेच रंगवावा लागला असणार.