टाइमकोड : कालमापन की क्रमांकन?

एका संकलनप्रणालीतील काम दुसरीत नेले असता ध्वनी आणि ओठ यांची फारकत होते, हा अनुभव संकलकांना नवा नाही. त्याचे खापर बहुधा यंत्रावर फोडले जाते. आमच्या मते दोषाचे मूळ टाइमकोडाच्या चुकीच्या वाचनात आहे.

टाइमकोड तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम या चार अंगांनी लिहिला जातो, म्हणून तो घड्याळासारखा भासतो. वस्तुतः तो फ्रेमचा क्रमांक होय. अमेरिकेत 1953 साली रंगीत दूरचित्रवाणीचे प्रमाण ठरताना सेकंदाला 30 फ्रेमचा वेग 30000/1001, म्हणजे सुमारे 29.97, असा उतरविण्यात आला. पुढे आलेल्या टाइमकोडाची मोजणी मात्र 30 च्याच हिशेबाने झाली. परिणामी घड्याळाचा एक तास पुरा होतो तेव्हा टाइमकोड 59 मिनिटे 56 सेकंद 12 फ्रेम इतकेच दाखवितो. ही 108 फ्रेमची तूट भरून काढण्यासाठी ‘ड्रॉप-फ्रेम’ पद्धत निघाली. तीत प्रत्येक मिनिटाच्या आरंभी 00 व 01 हे क्रमांक गाळावयाचे, दर दहाव्या मिनिटाला मात्र गाळावयाचे नाहीत. येथे गळतात ते केवळ क्रमांक. चित्र एकही गळत नाही.

पोथ्यांच्या अभ्यासकास ही अडचण परिचित आहे. ओवीचा क्रमांक दिला, पण प्रत कोणती हे सांगितले नाही, तर निर्देश व्यर्थ ठरतो.

या कसोटीवर सीएमएक्स 3600 या नावाने रूढ झालेली संकलनसूची पारखून पाहावी. ती साध्या मजकुराची असल्याने कोणासही वाचता येते, हा तिचा मोठा गुण. ड्रॉप की नॉन-ड्रॉप हे सांगणारी ओळही तीत असते. परंतु सेकंदाला फ्रेम किती, हे ती सांगत नाही. ते वाचणाऱ्या प्रणालीने गृहीत धरावयाचे! याउलट 2011 साली आलेल्या फायनल कट प्रो एक्सच्या एक्सएमएल स्वरूपात फ्रेमचा काळ 1001/30000 सेकंद असा अपूर्णांकात नोंदविता येतो. येथे क्रमांकाबरोबर त्याचे मापही प्रवास करते. म्हणून हे स्वरूप आम्हांस श्रेष्ठ वाटते.

तथापि मूळ फीतच चुकीच्या वेगाने नोंदलेली असेल, तर कोणतेही स्वरूप तारू शकत नाही. तेथे निदान हवे. आरंभी व अखेरीस अंतर सारखेच असेल, तर आरंभबिंदू चुकला आहे. ते सलग वाढत तासाला 3.6 सेकंद होत असेल, तर 30 आणि 29.97 यांची गल्लत आहे. मिनिटागणिक दोन फ्रेमची उडी पडत असेल, तर ड्रॉप व नॉन-ड्रॉप यांची अदलाबदल झाली आहे. निदान न करता ध्वनी डोळ्यांच्या अंदाजाने सरकविणे म्हणजे पाठभेद न नोंदता पाठ ‘सुधारणे’ होय.

भारतीय दूरचित्रवाणीचा वेग 25, म्हणजे पूर्णांक, असल्याने हा प्रश्न आपल्याकडे दूरचा वाटतो. पण अमेरिकेत ध्वनिचित्रमुद्रित झालेली मुलाखत अभ्यासासाठी घेताच तो समोर उभा राहतो. अशा मुलाखतीतील वाक्याचा आधार टाइमकोडाने दिला जातो. अर्ध्या तासाच्या ठिकाणी 54 फ्रेमचा फरक पडला, तर एकाचे उत्तर दुसऱ्याच प्रश्नाखाली उद्धृत होईल. म्हणून प्रत्येक प्रतीसोबत वेग, मोजणीची पद्धत आणि आरंभबिंदू या तीन गोष्टी लिहून ठेवणे हे संशोधकाचे कर्तव्यच मानले पाहिजे.