चाकावरचा न्याय

‘रेफ्युजी रूलेट’ हे नाव जुगारातल्या फिरत्या चाकावरून ठेवलंय. जया रामजी-नोगालेस, अँड्र्यू शोनहोल्ट्झ आणि फिलिप श्रॅग हे तिघे कायद्याचे प्राध्यापक. अमेरिकेत जिवाच्या भीतीनं आश्रय मागणाऱ्याचं नशीब याच चाकावर फिरतं, असं त्यांचं म्हणणं. आधी २००७ मध्ये लेख आला, मग २००९ मध्ये पुस्तक.

त्यांनी २२५ न्यायाधीशांचे सुमारे १,४०,००० निकाल तपासले. मायामीच्या एकाच इमारतीत कोलंबियाच्या माणसाला एका न्यायाधीशापुढे आश्रय मिळण्याची शक्यता ५ टक्के, दुसऱ्यापुढे ८८. देश तोच, कायदा तोच, अहो जिनाही तोच! वकील असला तर ४५.६ टक्के लोकांना होकार, नसला तर १६.३. आणि बाई न्यायाधीश असेल तर ५३.८, पुरुष असेल तर ३७.३.

आमच्यातली एकजण म्हणाली, हा तर अनेकांतच की. मला नाही पटत. अनेकांत एकाच माणसाला वस्तूच्या अनेक बाजू बघायला लावतो. इथे प्रत्येकजण आपलीच बाजू धरून बसलाय आणि तिलाच निकाल म्हणतोय. हे आकड्यांनी उघडं पाडलं, हे पुस्तकाचं मोठं काम.

पण निकालांचे आकडे आले सरकारी दफ्तरातून. त्यामुळे रकानेही दफ्तराचेच: देश, वकील, मंजूर, नामंजूर. फौझिया कासिंजाचं उदाहरण घ्या. टोगोमधली सतरा वर्षांची पोर, जबरदस्तीचं लग्न आणि सुंता टाळायला पळाली. पहिल्या न्यायाधीशाला तिची हकिगत खरी वाटली नाही. १९९६ मध्ये वरच्या अपील मंडळानं तीच हकिगत मानली. तक्त्यात ह्याचे दोन ठिपके होतील, एक नकाराचा, एक होकाराचा. तिचं पहिल्यांदा खोटं का वाटलं, त्याला रकानाच नाही.

तो रकाना आखायला त्या कोर्टात उभ्या राहिलेल्या बायकाच हव्यात. मोजणी झाल्यावर मत विचारायला नव्हे. काय मोजायचं, हे ठरवतानाच त्या शेजारी बसायला हव्यात. त्या विचारतील, दुभाषा पुरुष होता का? मूल मांडीवर असताना अत्याचाराचं बोलावं लागलं का? तारीख चुकली म्हणून खोटी ठरवली का? आपल्यातल्या किती जणींना भीतीच्या दिवसाची तारीख आठवते? हे प्रश्न असलेला तक्ता मला या पुस्तकात सापडला नाही.