अदृश्याची चित्रे

सॉफ्टवेअरला जागा व्यापणारे रूप नसते, म्हणून त्याचे चित्रही नीट काढता येत नाही, असे फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९८६ साली ‘नो सिल्व्हर बुलेट’ या निबंधात मांडले. चित्र काढायला बसले तर एक आलेख निघत नाही, एकमेकांवर पसरलेले अनेक निघतात: नियंत्रण कुठून कुठे जाते याचा एक, माहिती कशी वाहते याचा दुसरा.

तरी चित्रांचा सोस आधीही होता, नंतरही सरला नाही. गोल्डस्टाइन आणि फॉन नॉयमन यांच्या १९४७ सालच्या प्रवाहआकृत्यांना पुढे पाठ्यपुस्तकांत मानाचे पान मिळाले. १९७७ मध्ये बेन श्नायडरमन आणि सहकाऱ्यांनी प्रयोग करून पाहिले, तेव्हा तपशीलवार आकृतीचा प्रोग्राम समजायला काही लाभ होताना दिसला नाही. मला यात आश्चर्य वाटत नाही. ओळीत लिहिलेले चौकटीत पुन्हा लिहिले, की ती पुनरुक्ती होते, भाष्य होत नाही.

‘कोडसिटी’चे तसे नाही. रिचर्ड वेटेल आणि मिकेले लान्झा यांनी स्वित्झर्लंडमधल्या लुगानो विद्यापीठात हे साधन घडवले. त्यात क्लास म्हणजे इमारत, पॅकेज म्हणजे पेठ. मेथड जितक्या अधिक तितकी इमारत उंच, गुणधर्म जितके अधिक तितका पाया रुंद. एखादा अवाढव्य मनोरा लगेच डोळ्यांत भरतो आणि एकाच क्लासवर किती भार पडला आहे ते कळते. वाहनतळासारखी सपाट इमारत दिसली, की तिथे माहिती साठवलेली आहे, काम फारसे होत नाही, हे उमगते.

पण साहित्याच्या वाचकाला इथे अलंकारशास्त्र आठवावे. रूपकात उपमेय आणि उपमान एक मानले, की उपमानाचे बाकीचे धर्मही वाचक सोबत घेऊन येतो. शहराला शेजार असतो, रस्ते असतात. या शहरात एका पेठेतल्या दोन इमारती लगत का? जागा नीट भरावी म्हणून मांडणीच्या गणिताने त्या तिथे बसवल्या. त्यांचा आपसात व्यवहार असेलच असे नाही. ज्यांचा रोजचा व्यवहार, त्या कदाचित शहराच्या दोन टोकांना. मधल्या पट्टीला रस्ता म्हणावे तर तिच्यावरून कोणी जात नाही. नवख्याचा डोळा मात्र त्या शेजारातून अर्थ काढणारच, आणि तो खोटा निघेल.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात एक्लिप्स आणि एक्सेल वापरणाऱ्यांपेक्षा कोडसिटी वापरणाऱ्यांची अचूकता २४ टक्क्यांनी अधिक आणि वेळ १२ टक्क्यांनी कमी आढळला. हा निकाल मी हलका मानत नाही. अशी परीक्षा देणारी साधनेच मोजकी. पण हिंजवडीत दुसऱ्याचा जुना कोड सांभाळणाऱ्या मुलीला शहराचा अदमास रोज लागत नाही. तिचा प्रश्न असतो: ही ओळ बदलली तर काय मोडेल, आणि ती इथे आली कशी?

म्हणून मला स्टीफन आइक, जोसेफ स्टेफन आणि एरिक समनर यांचे १९९२ सालचे ‘सीसॉफ्ट’ अधिक मोलाचे वाटते. बेल लॅब्जमधल्या या साधनात कोडची प्रत्येक ओळ म्हणजे एक बारीक रंगीत रेघ; पन्नास हजार ओळी एका पडद्यावर. अलीकडे बदललेली ओळ लाल, फार दिवस हात न लागलेली निळी. रंग बदलाच्या नोंदींतून येतात: कधी, कोणी, कशासाठी. रेघेवर बोट ठेवले की मूळ मजकूर समोर. इथे कोणतेही रूपक नाही. लांबून पाहिलेले पानच आहे ते, आणि वाचक पानापासून तुटत नाही.

आता यंत्राने लिहून दिलेल्या ओळी त्याच नोंदींत शिरू लागल्या आहेत. कधी आल्या ते कळेल, कोणाच्या नावावर आल्या तेही कळेल. ‘कशासाठी’ या रकान्यात काय भरायचे आणि त्याला कोणता रंग द्यायचा, हे नव्या साधनांच्या कर्त्यांना ठरवावे लागेल.